शनिवारच्या थ्रिलर पिक्चरबद्दल सूचना

जय ख्रिस्त सर्वांना,

तरुण संघाच्या पोट्ट्यांनी मागितलेला थ्रिलर पिक्चर दाखवायचा की नाही हे ठरवायला आधी आपण मोठे लोकं तो पाहून घेऊ. येत्या शनिवारी संध्याकाळी 6 वाजता, मंडळीच्या हॉलमध्ये. 13 ते 17 वयाच्या लेकरांचे आईबाबा आणि संडे स्कूलच्या टीचर, नक्की या, कापूस वेचणीचे दिवस आहेत माहीत आहे पण घरातून एकजण तरी या. लेकरांना सोबत आणू नका.

सर्टिफिकेट यूए 16+ आहे, म्हणजे 16 च्या खालच्यांसाठी निर्णय आईबाबांचाच.

पाहताना हे लिहून ठेवा:
- शिव्या, रक्त, घाण सीन किती
- खून करणारा हिरो वाटतो का? माझ्या मते हेच सर्वात महत्त्वाचं, कारण काइननं भाऊ हाबेलला मारलं, दावीद राजानं उरियाला मारवलं, म्हणजे खून तर बायबलमध्येही आहे, पण तिथं पापाला पाप म्हटलंय आणि मेलेल्याचं दुःख दिसते
- आत्महत्या, जादूटोणा दाखवलाय का

बायबलमधलं फिलिप्पै 4:8 हे वचन घरून वाचून या. पिक्चरनंतर पाळकसाहेबांसोबत चर्चा, निर्णय तेव्हाच. वही-पेन आणा.