मोठ्या बाबांचं ताट वेगळं नको

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

'कॅन्सर व्हायरसनं होते म्हणतात,' म्हणून मोठ्या बाबांचं ताट-गिलास वेगळं केल्याचं आईनं सांगितलं. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

व्हायरसची गोष्ट अगदीच खोटी नाही. गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो. तो शोध लावणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी दोन प्रथिनं, पी५३ आणि आरबी, हा विषाणू निकामी करतो. मोठ्या बाबांना झालेल्या झपाट्यानं पसरणाऱ्या स्मॉल सेल या फुप्फुसाच्या कर्करोगातही जवळपास नेहमी हीच दोन बिघडलेली असतात. म्हणून शास्त्रज्ञांना विषाणूची शंका आली. २००८ सालीच मर्केल सेल नावाच्या कातडीच्या कर्करोगात एक नवा विषाणू सापडला. मग फुप्फुसाच्या गाठींतही त्याचा शोध झाला. काहींत त्याचे अंश मिळाले, पुष्कळांत नाही. पण अंश मिळाला म्हणून तेच कारण ठरत नाही. तो विषाणू बहुतेक मोठ्या माणसांच्या कातडीवर असतोच, बाबा, तुमच्या-माझ्याही.

मेंढ्यांना मात्र एका विषाणूमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि तो कळपात पसरतो. माणसाचा तसा पसरत नाही. एका ताटात जेवून तर नाहीच नाही.

स्मॉल सेलचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर आहे. विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्या माणसाला तो क्वचितच होतो. बाबा, तुम्ही दोघा भावांनी धुऱ्यावर बसून जन्मभर एकाच बंडलातल्या विड्या ओढल्या. मला भीती आहे ती त्या विडीची. मोठ्या बाबांच्या उष्ट्याची मुळीच नाही. तुम्ही आजच सोडा, आणि त्यांच्यासमोर सोडा. त्यांनीही सोडली तर उपचाराला मदतच होईल. आई, तूही पऱ्हाट्यांच्या धुरात बसू नको. सिलिंडर आहे ना घरात, तो पाहुण्यांसाठी राखून ठेवू नको.

जपायचंच असेल तर त्यांना आपल्यापासून जपा. कीमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, आपली साधी सर्दीही त्यांना जड जाऊ शकते. खोकला असलेल्यानं जवळ जाऊ नये, बाकीच्यांनी हात धुऊन खुशाल शेजारी जेवायला बसावं. ताप आला तर घरची गोळी देऊन वाट पाहू नका, रात्र असली तरी गाडी करून दवाखान्यात न्या. गाडीभाडं मी लगेच पाठवीन.

तुमची,
छोटी