जामखेडच्या दादांना, पाटोद्याकडून

दादा, सप्रेम नमस्कार.

"माझं नाव कुठे लिहू नकोस" असं तुम्ही बजावलंत म्हणून नुसतं दादा लिहिते. पण पत्र मात्र चारचौघांनी वाचावं म्हणूनच लिहिते आहे. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते सोड, पोर्टल चालू आहे का सांग" म्हणून विषय बदलता. इथे तुम्हाला मला थांबवता येणार नाही.

आमच्या गावातल्या त्या ऊसतोड आजींच्या खात्यावर, शेतकऱ्यांना सरकार देतं त्या पीएम किसानचे दोन हजार जमा झाले. पासबुक छापून घेऊन त्या तशाच माझ्या सेवा केंद्रावर, जिथे मी गावाचे सरकारी अर्ज भरते तिथे, आल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून गेल्या. ते माप माझ्या पदरात पडलं, पण ते तुमचं आहे.

आमचा बीडचा भाग तुम्हाला वेगळा सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर इकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. पुढचे पाच-सहा महिने हातात कोयता. पाचटानं तळवे कापतात, भरतात, परत कापतात. निम्मं आयुष्य असं गेलेल्या बाईच्या बोटावर रेषा राहतील कुठून? मशीनवर थंब, म्हणजे अंगठ्याचा ठसा, लागत नाही. आजींचं आधार ज्या नंबरला जोडलेलं, ते सिम मुलाबरोबर गेलं आणि बंदही पडलं, म्हणजे ओटीपीचा रस्ता खुंटला. केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, नाही म्हणून हप्ता अडकला. केवायसीची फी पंधरा रुपये, पण त्यावर वर्षाचे सहा हजार टांगलेले.

मी विचारलं नाही असं नाही. मदत क्रमांकावर फोन लावला, तर तक्रार नोंदवून घेतली आणि "तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा मेसेज आला. काय निकाली काढलं, कुणालाच ठाऊक नाही. केंद्र चालवायचा आयडी मिळाला तेव्हाच्या प्रशिक्षणात एक साहेब पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवून, सह्या घेऊन गेले होते. ज्या ग्रुपमध्ये आम्हा केंद्रचालकांना जोडलं होतं तिथे प्रश्न टाकला, तर एकानं मॅन्युअलची पीडीएफ पाठवली, बाकीचे गप्प. सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. जवळच्याच एका केंद्रचालकाला यावरचा उपाय माहीत होता. त्यानं सांगितला नाही. सांगितलं की गिऱ्हाईक तुटतं म्हणे. पंधरा रुपयांचं गिऱ्हाईक, दादा! आणि त्यासाठी म्हातारं माणूस तीन तालुके हिंडलं तरी चालेल.

मग कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुमचा तालुका वेगळा, जिल्हा वेगळा. तुम्ही मला ओळखत नव्हता. मी घाईघाईनं अडचण सांगायला लागले, एरर कोड वाचून दाखवला. तुम्ही मध्येच म्हणालात, "आजी तिथेच बसल्यात का? फोन स्पीकरवर टाक बरं."

मला वाटलं, आधार नंबर विचारणार. तुम्ही म्हणालात, "राम राम आजी. किती वर्षं गेलात ऊस तोडायला?" आजी आधी बुजल्या. मग म्हणाल्या, लग्न झालं तेव्हापासून. तुम्ही म्हणालात, "मग हात बरोबर आहेत तुमचे. मशीनच कच्चं आहे. तुमचं काही चुकलेलं नाही."

दादा, त्याआधी जिथे जिथे त्या गेल्या तिथे त्यांना "तुमची बोटंच येत नाहीत" हे ऐकावं लागलं होतं. माझ्याही केंद्रावर मशीन लाल दिवा दाखवायचं आणि त्या पदरानं बोट पुसून पुन्हा ठेवायच्या, जोर लावून, जणू आपलाच काही गुन्हा आहे. तुमचं बोलणं ऐकून त्यांनी हात मांडीवर घेतले आणि टेकून बसल्या. केवायसी व्हायची होती ती पुढे झालीच, पण माझ्या लेखी काम तिथेच झालं होतं.

नंतर तुम्ही मला सांगितलंत ते चेहरा दाखवून केवायसी करण्याचं. पीएम किसानच्या ॲपमध्ये ही सोय जून 2023 पासून आहे, आणि एका शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाईलवरून आणखी 100 जणांची केवायसी करून देता येते. माझ्या सासऱ्यांच्या नावानं लॉगिन केलं, आजींना उंबऱ्यात उजेडाकडे तोंड करून बसवलं, डोक्यावरचा पदर जरा मागे घ्यायला सांगितला. पापण्या मिटा, उघडा. झालं. एवढी सोय सरकारनं केलेली, आणि ती आमच्या गावापर्यंत पोचायला एक माणूस लागला.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. 2011 पासून ग्रामपंचायतींत संग्राम केंद्रं आली, पुढे आपले सरकार सेवा केंद्रं आली, गावोगाव बोर्ड लागले. संगणक मिळाला, प्रिंटर मिळाला, आयडी मिळाला. पण नियम रोज बदलतात, आणि बदललेला नियम केंद्रावरच्या माणसाला कोण सांगणार, ही व्यवस्था कुणी केली नाही. ती तुम्ही केलीत. जामखेड, आष्टी, पाटोदा मिळून आपला ग्रुप. महिन्यातून एक रविवार एकत्र बसायचं. ज्याची अडचण सुटली त्यानं ती साध्या मराठीत वहीत लिहून फोटो टाकायचा. आणि गिऱ्हाइकाचा आधार नंबर किंवा कागद ग्रुपवर कधीच टाकायचा नाही. या शेवटच्या नियमावर तुम्ही किती कडक आहात ते मी पाहिलं आहे, आणि ते मला फार आवडलं.

जिल्ह्याची हद्द ओलांडून असं जाळं का लागतं, हे आमच्याइतकं कुणाला कळणार? आमची माणसं अर्धं वर्ष गावात नसतातच. पोरगी इथे आजीपाशी शिकते, तिला उत्पन्नाचा दाखला हवा, आणि सही करणारा बाप ऊसतोडीच्या फडावर. यंदा तुम्ही कारखान्याजवळच्या केंद्रावरच्या ताईंशी माझी गाठ घालून दिलीत. त्यांनी संध्याकाळी कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, जाऊन बापाची सही घेतली, कागद स्कॅन करून पाठवले, मी इथून अर्ज भरला. दोघींनी मिळून एक काम केलं आणि कुणाची मजुरी बुडाली नाही.

पहिल्या बैठकीत तुम्ही आम्हाला पुदुच्चेरीची गोष्ट सांगितली होती, ती मी घरी सगळ्यांना सांगितली. 1998 मध्ये एम. एस. स्वामीनाथन यांच्या संस्थेनं तिथल्या खेड्यांत माहिती केंद्रं उभी केली. विल्लियानूरला मुख्य केंद्र, तिथून गावागावांना माहिती जायची. वीरमपट्टिनमला कोळ्यांसाठी समुद्राच्या लाटांचा अंदाज अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचे आणि भोंग्यावरून तमिळमध्ये सांगायचे. त्याच वर्षी आपल्याकडे वारणेच्या खोऱ्यात 70 गावं संगणकानं जोडायचं काम सुरू झालं होतं, ऊस नोंद आणि बिलाची माहिती गावात मिळावी म्हणून. त्यातलं मला भोंग्याचंच जास्त पटलं. कुणाला काय कळायला हवं हे आधी विचारलं, आणि ते सगळ्यांना एकदम ऐकू जाईल असं सांगितलं. ज्ञान लपवून धंदा करणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे की त्या भोंग्यानं कुणाचं गिऱ्हाईक तुटलं?

चांगुलपणाचं कुणी मानधन देत नाही, त्याचा शासन निर्णय निघत नाही. तरी तो आहे म्हणून ही केंद्रं चालतात. दुपारचं जेवण बाजूला सारून अनोळखी बाईचा फोन घेणारी, "हे मलाही आत्ताच कळलं" असं मोकळेपणानं सांगणारी माणसं या तीन तालुक्यांत आहेत, हे मला तुमच्यामुळे समजलं. मी हे काम सोडून द्यायच्या बेतात होते. आता नाही सोडणार.

पुढचा रविवार पाटोद्याला ठेवू या, सगळ्यांच्या वतीनं मागणी आहे. खरिपाची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाईलवरून नोंद, सुरू व्हायच्या आत बसलो तर बरं, मागच्या वेळी फोटो अपलोड होत नव्हते त्याचं काय करायचं ते आधीच ठरवता येईल. जागा शाळेत मिळते आहे, मी बोलून ठेवलं आहे. भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी माझ्याकडे. वहिनींनाही घेऊन या. आणि तुमची ती अडचणींची जुनी वही नक्की आणा, मला ती पहिल्या पानापासून उतरवून घ्यायची आहे.

तुमची धाकटी बहीण,
पाटोदा तालुक्यातली एक केंद्रचालक