दुसऱ्या केबल कंपनीला गच्ची दिली म्हणून आमचे सिग्नल तोडल्याबद्दल तक्रार

सोलापूर
दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दुसऱ्या कंपनीची तार कापणे, संपूर्ण इमारतीचे सिग्नल बंद करणे आणि सेट टॉप बॉक्सची अनामत अडवून ठेवणे याबाबत.

महोदय,

मी तुमची जुनी ग्राहक आहे आणि आमच्या सोसायटीची सचिवही आहे. हे पत्र दोन्ही नात्यांनी लिहीत आहे. तोंडी सांगून झाले. तुमच्या कस्टमर केअरचे म्हणणे, लोकल ऑपरेटरशी बोला. ऑपरेटरचे म्हणणे, कंपनीला विचारा. महिन्याच्या पैशात दोघांचाही वाटा आहे, तेव्हा जबाबदारी एकमेकांवर ढकलणे आम्हाला मान्य नाही. उत्तर कंपनीने द्यावे, म्हणून पत्र थेट तुम्हाला.

झाले ते असे. डिसेंबरात दुसऱ्या एका केबल कंपनीला आमच्या भागात फायबर टाकायला महापालिकेची परवानगी मिळाली. परवानगीची प्रत त्यांनी सोसायटीला आणून दिली. कमिटीने ती वाचली आणि गच्चीवर त्यांचा नोड, म्हणजे घरोघरी सिग्नल वाटणारी पेटी, बसवू द्यायचा ठराव केला. त्या ठरावात तुमचा नोड काढावा असे एक अक्षर नाही. ज्याला तुमचे कनेक्शन ठेवायचे त्याने ठेवावे, ज्याला नवे घ्यायचे त्याने घ्यावे, एवढेच ठरले.

नोड बसला त्याच आठवड्यात तुमच्या ऑपरेटरची माणसे गच्चीची किल्ली मागायला आली. अ‍ॅम्प्लिफायर तपासायचा आहे म्हणाली, म्हणून वॉचमनने किल्ली दिली. पाण्याच्या टाकीमागून नवी फायबर पाइपाला टाय मारून नेलेली होती. ती त्यांनी पक्कडने दोन ठिकाणी कापली आणि मधला हातभर तुकडा बरोबर घेऊन गेले, म्हणजे नुसती जोडून चालू नये. मी वर पोहोचले तेव्हा ते जिना उतरत होते. विचारले तर म्हणाले, "मॅडम, हा आमचा एरिया आहे. इथे दुसरा कुणी चालणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीतले तुमचे सगळे कनेक्शन बंद झाले. ज्यांनी नव्या कंपनीकडे नावसुद्धा दिले नव्हते, ज्यांचे महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले होते, त्यांचेही.

ते दिवस कोणते होते हे सोलापुरात व्यवसाय करणाऱ्यांना सांगायला नको. सिद्धेश्वरांची यात्रा सुरू होती. यात्रेत सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा संमती कट्ट्यावर होतो. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे आता तिथपर्यंत जाता येत नाही. त्या भोगीच्या दिवशी आंघोळ करून, हातात अक्षता घेऊन टीव्हीसमोर बसतात. तुमच्या लोकल वाहिनीवर सोहळा दाखवतात. पडद्यावर "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झाले की त्या इथून देव्हाऱ्याच्या दिशेने अक्षता टाकतात. यंदा दुपारपर्यंत बॉक्सवर लाल दिवा आणि पडद्यावर "नो सिग्नल". अखेर शेजारच्या मुलाने मोबाइलवर लावून दिले, पण त्यांना त्या एवढ्याशा पडद्यावर नंदीध्वज दिसेनात. सोहळा वर्षातून एकदाच होतो. तो तुमच्या कुठल्याही सवलतीने भरून येणार नाही, आणि या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

तुमची सेवा कायम वाईट होती असे मी म्हणणार नाही. लॉकडाऊनच्या काळात तुमचा तंत्रज्ञ मास्क लावून, पोलिसांना पास दाखवत आमच्याकडे आला होता आणि तासाभरात दुरुस्ती करून गेला होता, हे सगळ्या इमारतीला आठवते. पण अलीकडे पावसाची सर आली की चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. पावतीवर नुसती एकूण रक्कम असते. त्यात नेटवर्कचे भाडे किती, वाहिन्यांचे किती, जीएसटी किती, याची फोड मागितली की ऑपरेटरचा मुलगा "सिस्टीममध्ये तसेच येते" म्हणतो.

पॅकचेही तेच. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाने ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी निवडता येते. आमच्या वरच्या मजल्यावर तेलुगू बोलणारे कुटुंब आहे. त्यांना तीन-चार तेलुगू वाहिन्या आणि बातम्या एवढेच हवे. तुम्ही त्यांना आजपर्यंत क्रीडा वाहिन्यांसकट मोठा पॅकच देत आलात. नव्या कंपनीच्या माणसाने त्यांच्यासमोर बसून यादी केली आणि कागदावर बेरीज करून दाखवली. लोक तिकडे वळू लागले ते अशाने.

"आमचा एरिया" याला आधार कोणता, हे कृपया लेखी कळवा. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा १९९५ चा. त्याखाली ऑपरेटरची नोंदणी इतकी वर्षे मुख्य पोस्टात होत होती, गेल्या महिन्यापासून ती ऑनलाइन झाली. या नोंदणीने कुणालाही कुठल्या पेठेचा मक्ता मिळत नाही. सार्वजनिक जागेतून तार नेऊ द्यायची की नाही, हे त्या जागेच्या प्राधिकरणाने ठरवायचे, आणि आमच्या गच्चीचे आम्ही ठरवायचे. तुमच्या ऑपरेटरने ठरवावे असे यात काही उरत नाही.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. तिथे अनेक ठिकाणी शहरच केबल कंपनीला फ्रँचायझी, म्हणजे सेवा द्यायचा परवाना, देते आणि त्या बदल्यात केबलच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेते. तिथेही एका शहरात एकच कंपनी असे वर्षानुवर्षे चालले होते. १९९२ च्या कायद्याने शहरांना एकाच कंपनीला मक्ता द्यायला मनाई केली, आणि दुसरी कंपनी आली तर सबळ कारणाशिवाय तिला नाकारता येणार नाही असे ठरवले. इतक्या लांबचे कशाला, पंजाबातल्या एका केबल कंपनीने आपल्या जोरावर एका वृत्तवाहिनीला जाळ्यावरून काढून टाकले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तो वर्चस्वाचा गैरवापर ठरवला. तुमच्या कायदा विभागाला हा निकाल माहीत असेलच.

स्पर्धेचा आम्ही एवढा आग्रह का धरतो, तेही सांगते. २०१९ मध्ये नेटवर्कच्या भाड्याला महिना १३० रुपयांची कमाल मर्यादा होती, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. त्यात आधी १०० आणि २०२० च्या बदलानंतर २०० वाहिन्या मिळत. गेल्या वर्षी जुलैत ट्रायने ही मर्यादाच काढून टाकली. आता भाडे किती लावायचे ते कंपनीने ठरवायचे. अशा वेळी भाव आवाक्यात ठेवायला ग्राहकाच्या हातात दुसरीकडे जायची मोकळीक एवढेच राहते. तुमच्या माणसांनी पक्कडने कापली ती हीच.

आणखी एक, अनामतीचे. ३१ मार्च २०१३ ला आपल्या शहरात केबल टीव्ही डिजिटल करायच्या सक्तीची मुदत संपत होती, तेव्हा घरोघरी तुमचे बॉक्स बसले. ते दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर चालत नाहीत. म्हणजे कनेक्शन बदलले की ते घरात ठेवून काही उपयोग नाही. आमच्यातल्या ज्यांनी तेव्हा अनामत भरून बॉक्स घेतले ते परत करायला गेले, तर तुमच्या काउंटरवर आधी बॉक्स ठेवून घेतले आणि मग मूळ पावती आणा म्हणून परत पाठवले. तुमच्या संगणकात प्रत्येक बॉक्सचा क्रमांक ग्राहकाच्या नावासमोर आहे, त्यावर तुम्ही दर महिन्याला वसुली केली. आता तीच नोंद पुरेशी का नाही? बॉक्स घेतल्याची पोचसुद्धा दिलेली नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. सिग्नल बंद होते त्या दिवसांचे पैसे प्रत्येक ग्राहकाच्या खात्यात जमा करावेत. ज्यांनी बॉक्स परत केले त्यांना पोच आणि अनामत द्यावी. फोड असलेली पावती यापुढे दर महिन्याला मिळावी. कापलेल्या तारेची भरपाई नव्या कंपनीला द्यावी आणि तुमचा माणूस यापुढे सचिवांना कळवल्याशिवाय गच्चीवर जाणार नाही, असे लेटरहेडवर लिहून द्यावे. आणि जे लोक तुमच्याकडेच राहणार आहेत, त्यात मीही आहे, त्यांच्या कनेक्शनला शेजाऱ्याच्या निर्णयापायी हात लागणार नाही, याची हमी द्यावी. मी राहते आहे ती लोकल वाहिनी आणि सासूबाईंची सवय यामुळे. पुढच्या यात्रेत पुन्हा असे झाले तर राहणार नाही.

लेखी उत्तर १५ दिवसांत यावे. न आल्यास हेच पत्र तुमच्या नोडल अधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईल. कापलेल्या तारेचे फोटो आणि वॉचमनचे लेखी निवेदन सोसायटीने जपून ठेवले आहे. तार कापल्याची पोलीस तक्रार नवी कंपनी वेगळी करत आहे आणि त्यात साक्ष द्यायला मी तयार आहे.

आपली,
ग्राहक व सोसायटीची सचिव

सोबत : गच्चीवरील तारेचे फोटो, कमिटीच्या ठरावाची प्रत, आगाऊ भरलेल्या पैशांच्या पावत्या.