तीन हजार मीटरची तयारी जूनमध्ये सुरू होते : क्रीडा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी क्रीडा शिक्षक आहे. शालेय स्पर्धांतील लांब पल्ल्याच्या, म्हणजे पंधराशे आणि तीन हजार मीटर धावण्याच्या तयारीविषयी आपणास लिहीत आहे. पदके आणि सिंथेटिक ट्रॅक यांवर भाषणे होतात. जून-जुलैत या मुलांच्या पायांचे आणि पोटाचे काय होते, याची विचारपूस मात्र कोणी करत नाही.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आणि मृगाचा पाऊस झालेला असेल तर आमचे बरेच धावपटू तेव्हा पेरणीसाठी रानात असतात. ते परतल्यावर सुट्टीत मोडलेली सवय नव्याने लावावी लागते. पहिले पंधरा दिवस कसोटीचे असतात : दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच बरगडीखाली कळ येते आणि मूल कमरेवर हात ठेवून उभे राहते. पुढे दम पुरू लागतो, आणि नेमकी तेव्हाच नडगी दुखू लागते, कारण हृदय व फुप्फुसे लवकर सरावतात, हाडांना मात्र वेळ लागतो. म्हणून अंतर बेताबेताने वाढवायचे असते आणि त्यासाठी आठ-दहा आठवडे हाताशी हवेत. प्रत्यक्षात तालुका स्पर्धेचे पत्रच अनेकदा जेमतेम आठवडाभर आधी मिळते.

मैदानाची गोष्ट निराळी नाही. आमची काळी माती एका सरीत अशी चिकटते की मुले बूट काढून हातात घेतात, आणि संध्याकाळी मारलेली फक्की सकाळपर्यंत वाहून गेलेली असते. मग उरतो डांबरी रस्ता. पोलीस भरतीची मोठी मुलेही पहाटे तिथेच सोळाशे मीटरचा सराव करतात, अंधारात शेजारून ट्रॅक्टर जातात, आणि कठीण रस्त्याने नडगीचे दुखणे वाढते ते वेगळेच. (दोनशे मीटरच्या मैदानावर तीन हजार मीटर म्हणजे पंधरा फेऱ्या; शर्यत संपता संपता फेऱ्या मोजणाराच गोंधळतो आणि भांडण लागते.) आम्ही सिंथेटिक ट्रॅक मागत नाही. प्रत्येक तालुका क्रीडा संकुलात कडेने पाण्याची चर काढून, मुरूम टाकून, रोलर फिरवलेली एक धावपट्टी पावसाआधी तयार करून द्यावी आणि संकुलाचे फाटक पहाटे साडेपाचला उघडावे, एवढेच मागणे आहे.

दुसरे मागणे खाण्याचे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो, आणि सतरा वर्षांखालील गटात तीन हजार मीटर पळणारी आमची मुले प्रामुख्याने नववी-दहावीची. सकाळी चहा-खारीवर सराव आणि दुपारी डब्यातली भाकरी-ठेचा, एवढ्यावर त्यांनी जुलै काढावा अशी आपली अपेक्षा आहे. आहाराचा विषय शालेय शिक्षण खात्याचा आहे हे मला ठाऊक आहे. मुलाची भूक मात्र खाते विचारून लागत नाही. सरावाला येणाऱ्या मुलांना एक अंडे किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ मिळावा, आणि मुलींची हिमोग्लोबिन तपासणी जूनमध्येच व्हावी, कारण रक्त कमी असलेल्या मुलीची दमछाक सरावाने भरून निघत नाही.

प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात अविनाश साबळे यांचे नाव येते. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या या धावपटूने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीत, 8 मिनिटे 11.20 सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक मिळवले आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. परंतु बारावीनंतर ते सैन्यात गेले आणि स्टीपलचेसकडे तिथेच वळले. त्यांचे उदाहरण देऊन आमच्या शालेय व्यवस्थेची पाठ थोपटणे मला पटत नाही.

शेवटची बाब वेळापत्रकाची. आमच्या अनेक मुलांच्या आई-वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ते ऊसतोडीला निघतात. घरी सांभाळणारे कोणी नसेल तर मूलही सोबत जाते. विभागीय स्पर्धा त्यानंतर ठेवली, तर जिल्ह्यात पहिला आलेला मुलगा त्या दिवशी फडावर असतो आणि यादीत त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागते. म्हणून मराठवाड्यात तरी लांब पल्ल्याच्या शर्यती विभागीय पातळीपर्यंत दसऱ्याआधी, सकाळच्या सत्रात घ्याव्यात, आणि सर्व तारखा शाळा उघडण्याच्या दिवशीच शाळांना कळवाव्यात. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. मे महिन्यात एक परिपत्रक काढले तरी पुरेल.

आपला,
एक क्रीडा शिक्षक, जि. बीड