कॅप्टन फाल्कन आधी ड्रायव्हर, मग पैलवान

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या व्हिडिओ गेम्सवरचा लेख वाचला, मस्त जमलाय, पण एका ठिकाणी अडखळलो. कॅप्टन फाल्कन या गेममधल्या पात्राला लेखात 'मारामारीच्या गेममधला ठोसेबाज' म्हणून निकालात काढलंय. अहो, तो रेसर आहे!

चूक एकट्या लेखकाची नाही म्हणा. माझा पुतण्या सातवीत आहे, स्मॅश ब्रदर्स हा मारामारीचा गेम खेळताना 'फाल्कन पंच' म्हणून बोंबलत असतो, त्याला परवा एफ-झीरो हा जुना शर्यतीचा गेम दाखवला तर म्हणतो, "काका, हा गाडी पण चालवतो?" घ्या!

हा गडी लोकांसमोर पहिल्यांदा आला तोच गाडीच्या गेममधून. 21 नोव्हेंबर 1990 ला जपानमध्ये निन्टेंडो कंपनीचं सुपर फॅमिकॉम हे गेम खेळायचं मशीन बाजारात आलं, त्याच दिवशी एफ-झीरो पण आला. गोष्ट सन 2560 मधली, अब्जाधीशांना पैसा कुठे उधळावा कळेना म्हणून ते अधांतरी पळणाऱ्या गाड्यांची शर्यत भरवतात (आपल्याकडे लग्नं करतात तसं). गाड्या चार, ट्रॅक 15, प्रत्येकी पाच फेऱ्या. कठड्याला घासलं की पॉवर कमी, ट्रॅकवरच्या खास पट्टीवरून गेलं की परत भरते, आणि फेरी पूर्ण केली की एक बूस्ट (थोडा वेळ जादा वेग) मिळतो, तो कुठे उडवायचा यात सगळी मजा. खरं थ्रीडी काहीच नाही हं, मशीन एक सपाट चित्र सतत फिरवत आणि लहानमोठं करत राहतं, त्याला मोड सेव्हन म्हणायचे, पण रस्ता अंगावर येतोय असंच वाटतं. आम्ही हे सायबर कॅफेत एम्युलेटरवर (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) कीबोर्ड बडवत खेळलोय, डेथ विंड या ट्रॅकवर वारा गाडीला बाजूला ढकलायचा तेव्हा खुर्चीत आपणच वाकायचो, कॅफेवाला हसायचा.

आणि गंमत बघा, शर्यतीत फाल्कन दिसतच नाही, दिसते फक्त त्याची निळी गाडी, ब्लू फाल्कन. हेल्मेटवाला माणूस भेटतो तो सोबतच्या पुस्तिकेतल्या कॉमिकमध्ये. तो काढला ताकाया इमामुरा यांनी, निन्टेंडोत तेव्हा नवीनच होते ते. माहिती काय, तर गेममधल्या पोर्ट टाउन गावचा, बाउंटी हंटर (बक्षिसासाठी गुन्हेगार पकडणारा), बाकी भूतकाळ गुलदस्त्यात. त्या पोर्ट टाउनचा ट्रॅक मात्र क्वीन लीग या ट्रॅकच्या गटात आहे, म्हणजे पठ्ठ्या स्वतःच्याच गावातून सुसाट जातो आणि आपल्याला पत्ताच नसतो.

मग 1999 मध्ये स्मॅश ब्रदर्सने त्याला गाडीतून उतरवून ठोसा शिकवला, आणि तीच ओळख चिकटली. इकडे 2004 च्या एफ-झीरो क्लायमॅक्सनंतर, तो पण फक्त जपानात, एकदम 2023 ला एफ-झीरो 99 आला, 99 जण एकाच वेळी ट्रॅकवर. मध्ये 19 वर्षं नवीन गेमच नाही, पोरांनी ओळखायचं कसं?

तेवढी छोटी दुरुस्ती येत्या रविवारी छापाल का, पुतण्याला दाखवायचीय. आणि फोटो टाकणार असाल तर प्लीज गाडीचा टाका.

आपला,
एक जुना वाचक, पुणे