टॅक्सी करायची ना!

प्रिय वैशे,

आधी शिव्या घालून घे. तुझ्या बारा मिनिटांच्या व्हॉइस मेसेजला (मेसेज होता का कीर्तन?) मी नुसता अंगठा दाखवला त्याला चार महिने झाले. लिहायचं रोज ठरायचं आणि रोज ओवी जिंकायची. तब्येती सगळ्यांच्या ठीक, माझी पाठ धरते, सासूबाईंचं बीपी गोळीवर आहे, मंदारला काही होत नाही, तो फक्त जाड होतोय. झालं तब्येतीचं.

आता खरं कारण. गुरुवारी प्लॅटफॉर्मवर मला एका मुलीने एक वाक्य ऐकवलं, ते मी घरी कोणालाच सांगितलेलं नाही, कारण सांगून काय कळणार त्यांना. तुलाच कळेल. म्हणजे तू आधी खो खो हसशील आणि मग गप्प बसशील, त्या गप्प बसण्यासाठीच लिहितेय.

तर झालं असं की आईकडे जायचं होतं. तिचे गुडघे आता गिरगावचे तीन मजले उतरायला तयार नाहीत, त्यामुळे नातीनेच, म्हणजे ओवीनेच, जायचं असं ठरलंय. आणि माझ्याकडे आहे स्नेहाताईंनी दिलेली बाबागाडी. तू फोटोत बघितलीस ती, काळी, मोठ्या चाकांची. साडेअकरा किलो गं! कपहोल्डर आहे, चहा ठेवायला. घडी घालायला दोन हात, एक पाय आणि एक नवरा लागतो. ताईंनी प्रेमाने दिलीय, बिल्डिंगच्या बागेत अगदी राणीसारखी चालते, पण मला वाटलं की हिला घेऊन लोकलने जाऊ, अकरा-साडेअकराला काय गर्दी असणार. ठाण्याला अकरा वाजता गर्दी नसते असं समजणारी बाई, म्हणजे बघ, बाळंतपणात डोकंसुद्धा हॉस्पिटलात विसरून आले मी.

लिफ्टपुढे दोन व्हीलचेअर आणि पाचसहा आजीआजोबा, त्यांच्यात धूड घुसवायची लाज वाटली म्हणून जिन्याने निघाले. कॉलेजच्या दोन पोरांनी पालखीसारखी उचलली गाडी, ओवी आतून प्रजेला दर्शन देत होती. खाली आले, लेडीजच्या खुणेपाशी उभी राहिले, फास्ट आली. तुला माहितीये वीस-तीस सेकंद थांबते ती, त्यात उतरणाऱ्या आधी. मी पुढची चाकं उचलून आत टाकायला गेले आणि एक चाक प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या फटीत. ओवी पट्ट्यात बांधलेली होती म्हणून बरं. मी मागे खेचतेय, मागच्या बायका पुढे ढकलतायत, आणि दरवाज्यात दांडा धरून उभी असलेली, कानात ती पांढरी बोंडं घातलेली एक मुलगी, पंचविशीची असेल, म्हणते, “अहो काकू, बाबागाडी घेऊन कुठे चढताय, टॅक्सी करायची ना!”

आणि दोघीतिघी हसल्या.

आधी काकू, मग टॅक्सी. जास्त काय लागलं ते अजून ठरत नाहीये.

चाक निघालं, गाडी गेली, मी बाकावर बसले आणि ओवीला केळं भरवलं आणि मला आपली आठ सतराची लोकल आठवली. आठवतेय ना तुला? मुलुंडची ती बाई, पिवळा पंजाबी ड्रेस, कडेवर पोर आणि हातात ती छत्रीसारखी मिटणारी निळी बाबागाडी, ती पूर्ण मिटलीच नव्हती आणि तिचं एक चाक काळे बाईंच्या साडीला लागलं. तेव्हा दरवाज्यातून कोण ओरडलं होतं? शब्द न् शब्द हाच. “टॅक्सी करायची ना!” आणि अख्खा डबा हसला होता आणि मला केवढं भारी वाटलं होतं, मला नेहमीच कोणी हसलं की भारी वाटायचं. आणि तू, ठाण्यापासून भांडून मिळवलेली विंडो सोडून उठलीस, तिला बसवलंस, मग ते शेंबडं पोर स्वतःच्या मांडीवर घेऊन कुर्ल्यापर्यंत चौथ्या सीटवर अर्धी लटकलीस, आणि माझ्याशी चार दिवस बोलली नाहीस. चार दिवस! एकाच गाडीत, समोरासमोर. शेवटी उर्मिलाने चकल्यांचा डबा दोघींच्या मध्ये धरला आणि म्हणाली घ्या आता, नाहीतर मी एकटी खाते.

मी तेव्हा तुला समाजसेविका म्हणाले होते. ते मागे घेते. पण वैशे, खरं सांगू का, भांडण अर्धंच मागे घेतेय हां, कारण मला अजूनही वाटतं की आठ सतराला बाबागाडी आणणं चूकच. तिथे खाऊचा डबा उघडायला जागा नसते. तू म्हणशील मग तिने कधी जायचं, पोराचं इंजेक्शन दहाला असेल तर? बरोबर. याचं उत्तर तेव्हाही माझ्याकडे नव्हतं, आताही नाही. एक बघ, पोटुशी होते तेव्हा दिव्यांगांच्या डब्यात चढायची मुभा होती. पोर पोटात असेपर्यंत रेल्वेला तुमची काळजी, बाहेर आलं की तुम्ही आणि तुमचं लगेज.

असो. तर त्या दिवशी घरी परत आले (हो, गेलेच नाही, आईला सांगितलं ओवीला सर्दी) आणि रात्रीपासून डोक्यात एकच, बदलायची ही गाडी. मंदारला म्हटलं तर त्याने एक्सेल शीट उघडली. आणि रात्री साडेअकराला मला झोपेतून उठवून सांगतो की तुला माहितीये का, छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी १९६५ साली ओवेन मॅक्लारेन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने काढली, त्याची मुलगी नातीला घेऊन आली होती विमानाने आणि तिची प्रॅम उचलता उचलता सगळ्यांचे हाल झाले, आणि हा माणूस आधी स्पिटफायर विमानाची चाकं पंखांत मिटायची जी यंत्रणा असते त्यावर काम केलेला, मग त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची गाडी केली, तीन किलोसुद्धा नव्हती. मी म्हटलं छान, झोप आता. पण मग मलाच झोप येईना. साठ वर्षांपूर्वी तीन किलोत जमलं आणि माझ्याकडे साडेअकरा किलो, कशाला, तर कपहोल्डरला.

मग शनिवारी दादरला दुकानात गेलो. घरून निघताना मी पाच किलो कोलमची पिशवी घेतली. मंदार म्हणाला हे कशाला. म्हटलं ही ओवी. दुकानात तो मुलगा गोड गोड बोलत एका क्लिकमध्ये मिटते मॅडम, एका क्लिकमध्ये मिटते करत होता, मी तांदूळ डाव्या कडेवर घेतले, पर्स खांद्याला लावली आणि म्हटलं आता मी मिटते. वैशे, पाच गाड्यांपैकी चार नाही मिटल्या. एकीला आधी सीट सरळ करावी लागते, एकीचं बटण दोन ठिकाणी, एक मिटली पण उभी राहीना, धप्पकन आडवी पडली. आणि छत्रीवाली, म्हणजे मॅक्लारेनची नात, ती सगळ्यात हलकी, चारेक किलो, पण तिला खालची कडी पायाने उचलावी लागते आणि दोन्ही हातांनी दांडे जवळ आणावे लागतात. तांदूळ कुठे ठेवू? खाली ठेवले तर ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर तांदूळ रांगत निघून जाईल! त्या मुलुंडच्या बाईची गाडी का मिटली नव्हती ते मला दादरच्या दुकानात कळलं गं. तिला तिसरा हात नव्हता.

मिटली ती ‘केबिन’ टाइपची, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात जाते ती. साडेसहा किलो, एका हाताने खाली दाबली की चौकोनी खोका होतो, स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि खांद्याला पट्टा. लोकलच्या रॅकवर टाकता येईल असं मंदारचं मत, मी कधी रॅकवर टाकणार नाही, खालच्या बाईच्या डोक्यात पडली तर आयुष्यभर आठ सतराचे शिव्याशाप. सीटखाली किंवा दोन सीटच्या मध्ये पायाशी. तिचा दोष एकच, चाकं लहान, पेव्हर ब्लॉकच्या खड्ड्यात अडकतात आणि आपल्याकडे पेव्हर ब्लॉक कमी आणि खड्डा जास्त. ओवी आता आठ महिन्यांची, छान बसते, म्हणून चालेल, पहिले सहा महिने, नीट बसता येईपर्यंत, आडवं झोपवता येणारीच हवी असते. किंमत मात्र दहा हजारांच्या पुढे, आणि ताईंना काय सांगायचं हा वेगळाच अध्याय. आमच्याकडे ताई चहाला आल्या की पहिली नजर दारामागे जाते, गाडी वापरताय ना. उद्या तिथे दुसरी दिसली की झालं.

मग लगेच घेतली नाही. खालच्या मजल्यावरच्या दळवींकडे तसलीच आहे, ती मागितली रविवारी, आणि यावेळी डोकं वापरलं. आपण दोघी सात वर्षं त्या स्टेशनवर उभ्या होतो आणि ही साधी गोष्ट मला आत्ता सुचली, की अशा वेळी कुठून तरी येणारी गाडी धरायचीच नाही. सुटणारी धरायची. ठाण्याहून सुटणारी स्लो, ती येऊन उभी राहते, बसायला वेळ मिळतो, आणि शेवटी सीएसएमटीला सगळेच उतरतात, मागून कोणी ढकलत नाही. तासभर लागतो, लागू दे. १८५३ साली पहिली गाडी याच दोन टोकांच्या मध्ये धावली ना, बोरीबंदर ते ठाणे, तेव्हा तास-सव्वा तास लागला होता म्हणतात. त्या डब्यांत एखादं तान्हं असेलच. टॅक्सी करायची ना असं मात्र कोणी म्हणालं नसणार.

ओवी पोटाशी कॅरिअरमध्ये, गाडी मंदारच्या खांद्याला मिटलेली, माझे दोन्ही हात मोकळे. पाठीचं वाटोळं झालं पण दांडा धरता येतो हे सुख काय असतं ते तुला सांगायला नको. प्लॅटफॉर्मवर गाडी उघडली की ब्रेक लावायचा आणि रुळांकडे तोंड करून उभी करायचीच नाही, समांतर ठेवायची, प्लॅटफॉर्मला उतार असतो तो आपल्याला उभ्याने कळत नाही, चाकांना कळतो. आणि चढवायचीच झाली तर पाठमोरी, मागची मोठी चाकं आधी आत ओढायची. हे मला गुरुवारी माहीत असतं तर! आणि दांड्याला पिशवी अडकवायची नाही हे मी सीएसएमटीला शिकले, ओवीला उचललं आणि गाडी मागच्या मागे उताणी, आईसाठी घेतलेली संत्री अख्ख्या स्टेशनभर. एक मंदारने बूट पुढे करून अडवलं, अगदी राहुल द्रविड.

मग मेट्रो. तू गेलीस तेव्हा नुसते पत्रे लावलेले होते रस्त्याला आणि आईची चाळ हादरायची, आठवतंय? ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत सुरू आहे. सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव. दोन स्टेशनं! लिफ्टने खाली, मग डब्याचा दरवाजा उघडला आणि मी सवयीने चाकं उचलायला वाकले. उचलायलाच नको, प्लॅटफॉर्म आणि डबा एका रेषेत, सरळ आत गेली, खटका नाही. मी वाकलेलीच राहिले दोन सेकंद. मंदार म्हणाला काय पडलं? म्हटलं काही नाही.

चाळीचे जिने मात्र तेच. लाकडी, मधली पायरी दात पडल्यासारखी. तीन मजले गाडी खांद्यावर. आणि वर गॅलरीत उघडली तर काय सांगू, या गाडीसाठी जगात सगळ्यात चांगला रस्ता तिथे आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, एका बाजूला कठडा, प्रत्येक दारात एक आजी. ओवीच्या आठ फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक दारात तिला काहीतरी चाटवलं गेलं, मी बघितलं नाही असं दाखवलं. आई खुर्ची टाकून बसली होती आणि दर फेरीला ‘तिकीट?’ म्हणून हात पुढे करत होती.

आता तू. तुझी जर्मनची परीक्षा झाली का? समीरचं नव्या ऑफिसात बरं चाललंय ना? काकांचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे आईकडून कळलं, मी जाऊन येईन त्यांच्याकडे, नक्की. तुमच्याकडे बस स्टॉपवर गुडघा टेकते आणि बाबागाड्यांना वेगळी जागा असते असं तू सांगितलं होतंस तेव्हा मी म्हटलं होतं की हिचं सुरू झालं जर्मनी पुराण. आता परत सांग, मी नीट ऐकते.

आणि मला दोन ओळींत कळव: दळवींसारखी साडेसहा किलोची घेऊ, का छत्रीवाली घेऊन आईकडेच ठेवून देऊ आणि येताजाता कॅरिअर? मंदारची एक्सेल म्हणते दुसरं स्वस्त पडतं. माझी पाठ म्हणते पहिलं. स्नेहाताईंना तू काहीतरी सुचेल ते सांग, तुझं त्या ऐकतात.

ती मुलुंडची बाई कुर्ल्याला उतरायची की सायनला, तुला आठवतंय? नंतर ती परत कधी आपल्या डब्यात दिसली नाही ना? का मी बघितलं नाही?

तुझीच,
मनू

ता.क. बारा मिनिटांचा मेसेज आज पूर्ण ऐकला. नवव्या मिनिटाला तू रडतेयस. उद्या रात्री फोन करते, ओवी झोपली की. उचल.