परतलेल्या मुलाचा पगार आणि आईवडिलांचे धान्य

अपात्र शिधापत्रिकांच्या शोधमोहिमेचे समर्थन करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. खोटे लाभार्थी वगळलेच पाहिजेत. परंतु मोफत धान्य मिळणाऱ्या ‘प्राधान्य कुटुंब’ या शिधापत्रिका गटासाठी शहरी भागात वार्षिक 59 हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी, अशी उत्पन्नमर्यादा असताना, खोलीभाडे परवडेना म्हणून घरी परतलेल्या मुलाचा 12 हजारांचा पगार पूर्णपणे कुटुंबाच्या उत्पन्नात धरला, तर आईवडिलांचे माणशी पाच किलो मोफत धान्य बंद होते. दुचाकीचा हप्ता आणि पेट्रोल वजा जाता त्या पगारातून आईच्या हाती जेमतेम तीन-चार हजार पडतात. शिवाय कंत्राटी नोकरी सुटली, तर नाव पुन्हा लावून घेण्यासाठी तहसील कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात. अशा मुलाच्या कमाईचा ठरावीक हिस्साच शासनाने कुटुंबाच्या उत्पन्नात धरावा.

– एक वाचक, सोलापूर